‘सीरम’ म्हणजे चक्क्याचं पाणी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात यजमानांच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आणला. त्यात ठळक अक्षरांत ‘सीरम क्रिएटिनिन’. पुण्यात सीरम म्हटलं की हडपसरची कंपनी आणि लस, एवढंच डोळ्यांपुढे येतं. ते आपल्या रक्तात कुठून आलं, या विचारानं यांचा रात्रभर डोळा लागला नाही. लॅबच्या काउंटरवर विचारलं होतं, पण ‘डॉक्टरांना दाखवा’ याउपर कुणी बोललं नाही.

खरं तर हा शब्द स्वयंपाकघरातला. लॅटिनमध्ये ‘सेरुम’ म्हणजे दुधा-दह्याला सुटलेलं पाणी. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगलं की खालच्या पातेल्यात हिरवट-पिवळं पाणी ठिबकतं ना, तेच. रक्तही काचेच्या नळीत थोडा वेळ राहिलं की गोठतं, गुठळी खाली बसते आणि वर पिवळसर निवळ येते. म्हणून तिलाही तेच नाव. संस्कृतातला ‘सृ’ म्हणजे वाहणे, सरकणे. ‘सरिता’ त्यातूनच आली. भाषेचे अभ्यासक ‘सेरुम’चं नातं या धातूशी जोडतात, म्हणजे शब्द तसा परकाही नाही.

क्रिएटिनिन मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायचं असतं. या निवळीत ते किती उरलंय, एवढंच त्या ओळीत लिहिलेलं असतं. दुसऱ्या दिवशी टांगलेल्या चक्क्याखालचं पातेलं यांच्यापुढे ठेवून मी हे सांगितलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

हडपसरच्या कंपनीच्या नावामागेही हीच निवळ आहे. १९६६ मध्ये ती सुरू झाली, तेव्हा घोड्यांच्या रक्तातून धनुर्वातावरचं सीरम काढलं जाई. घोड्याला या रोगाच्या जंतूंच्या विषाची अगदी बेताची मात्रा टोचत गेलं की त्याच्या रक्तात उतारा तयार होतो, आणि तो या पिवळ्या पाण्यात असतो. घटसर्पावर असाच उपचार शोधणाऱ्या बेरिंग यांना १९०१ मध्ये वैद्यकाचं पहिलं नोबेल मिळालं. ‘व्हॅक्सीन’ शब्दही गोठ्यातलाच, लॅटिनमध्ये ‘वाक्का’ म्हणजे गाय.

शहरातल्या लॅबचालकांना माझी कळकळीची विनंती आहे. सीरम, प्लाझ्मा, क्रिएटिनिन हे शब्द मराठीत समजावणाऱ्या चार ओळी रिपोर्टच्या मागे छापा. ती बाजू कोरीच असते.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे