पाणी शेजारच्या बाथरूमचं, बिल आमचं

दिनांक : ८ सप्टेंबर २०२५
पुणे

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख
(आमच्या सोसायटीत फ्लॅटनिहाय पाणी-मीटर बसवणारी आणि दरमहा बिल काढणारी कंपनी)

विषय : बाहेरच्या बाथरूमच्या मीटरची शेजारच्या फ्लॅटशी अदलाबदल झाल्यामुळे मे ते ऑगस्ट २०२५ ची चार बिलं चुकीची आल्याबाबत.

संदर्भ : याच विषयावरच्या माझ्या तीन तक्रारी. तिन्ही आपण ‘निराकरण झाले’ असा शेरा मारून बंद केल्या आहेत.

महोदय,

सुरुवातीलाच सांगते, मी मीटरच्या विरोधात नाही. गेल्या वर्षी सोसायटीच्या सभेत मीटर लावायचे की नाही यावर दोन तास वाद झाला, तेव्हा ‘लावा’ म्हणून हात वर करणाऱ्यांत मी होते. आमच्याकडे नळाचं, बोअरचं आणि टँकरचं असं तिन्ही पाणी एकाच टाकीत पडतं. त्याचा खर्च सगळ्या फ्लॅटवर सारखा वाटला जायचा. रोज पाइप लावून गाडी धुणाऱ्याला जेवढे पैसे, तेवढेच आम्हाला. वापराप्रमाणे बिल यावं, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आजही तेच आहे. फक्त ते आमच्या वापराप्रमाणे यावं.

जुलैच्या बिलात आमचा वापर असा दाखवला आहे : स्वयंपाकघर २,७०० लिटर, आतलं बाथरूम ४,३००, ड्राय बाल्कनी २,१०० आणि बाहेरचं बाथरूम ८,९००. एकूण १८,०००. पहिल्या १२,००० लिटरला हजारी ४० रुपये आणि त्यावर टँकरच्या भावाने हजारी १२० रुपये, या दराने १,२०० रुपये आणि तुमचे ७५ रुपये सेवाशुल्क. म्हणजे १,२७५ रुपये.

घरात आम्ही तीन माणसं. मी, यजमान आणि सासूबाई. माणशी रोज १३५ लिटर हा शहरांसाठीचा सरकारी आकडा धरून सोसायटीने १२,००० ची मर्यादा ठरवली, तेव्हा मी मनात म्हटलं होतं की आपण त्याच्या आतच असू. सासूबाई मूळच्या माण तालुक्यातल्या, दहिवडीजवळच्या. हंडाभर पाण्यासाठी किती चालावं लागतं हे त्यांनी पायांनी मोजलंय. ‘कालचं पाणी शिळं झालं’ म्हणून पिंप ओतून देणारी माणसं त्यांना अजून कळत नाहीत. आमच्या घरात फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी बादलीत साठतं आणि त्यानेच फरशी पुसली जाते. मशीनचं शेवटचं पाणी संडासात जातं. बेसिनच्या नळांना जाळी आहे. फ्लशची टाकी जुनी, मोठी, म्हणून तिच्यात पाण्याने भरलेली लिटरची बाटली ठेवलेली आहे. अंघोळ बादलीने.

हे सगळं सांगायचं कारण तुमचं उत्तर. पहिल्या तक्रारीला तुमच्याकडून ‘पाणी वाचवण्याचे दहा सोपे उपाय’ अशी रंगीत चित्रांची फाइल आली. शॉवरऐवजी बादली वापरा, दात घासताना नळ बंद ठेवा. सासूबाईंनी चष्मा लावून ती वाचली आणि विचारलं, “हे आपल्याला पाठवलंय?”

दुसऱ्या तक्रारीला उत्तर आलं की तुमचा फ्लश गळत असावा, रंग टाकून तपासा. हा सल्ला योग्य होता, म्हणून आम्ही तो पाळला. जिलबीचा केशरी रंग टाकीत टाकला आणि अर्धा तास कोणी फ्लश केला नाही. भांड्यात रंगाचा थेंब उतरला नाही. तीनदा केलं. तिसऱ्या तक्रारीला उत्तरच आलं नाही, थेट तक्रार बंद झाल्याचा मेसेज आला.

आता मुद्द्याचं. तुमच्या ॲपमध्ये तासातासाचा आलेख दिसतो. बाहेरच्या बाथरूमच्या आलेखात रात्रभर तासाला आठेक लिटरची एक रेघ सलग चाललेली दिसायची आणि तिच्यावर रात्री अडीच आणि सव्वाचारच्या सुमाराला दोन उंचवटे. रोज. बाहेरचं बाथरूम सासूबाईंच्या खोलीला लागून आहे. आम्ही दोघांनी काही न बोलताही त्यांनी ते स्वतःवर घेतलं. संध्याकाळी सहानंतर त्यांनी पाणी पिणं बंद केलं. रात्री उठल्याच तर फ्लश न करता तांब्याने पाणी ओतायच्या. हे मला पंधरा दिवसांनी कळलं. वय ७८. या पंधरा दिवसांची भरपाई कुठल्या रकान्यात मागायची ते मला माहीत नाही, म्हणून मागत नाही. पण वाचा.

२६ ऑगस्टला सकाळी आम्ही तिघंही गौरी-गणपतीला गावी गेलो आणि ३ सप्टेंबरला परतलो. घराला कुलूप होतं. निघण्यापूर्वी यजमानांनी घरातले चारही कॉक बंद केले आणि त्यांचे फोटो काढून ठेवले. या आठ दिवसांत तीन मीटरवर वापर शून्य. बाहेरच्या बाथरूमवर २,२८० लिटर. ऐन आरतीच्या वेळी फोन वाजला तो तुमचा मेसेज होता : ‘आपला वापर सरासरीपेक्षा अधिक आहे. पाणी जपून वापरा.’ माझ्या हातात तेव्हा निरांजन होतं.

परतल्यावर ४ सप्टेंबरला सोसायटीचा प्लंबर आणि सेक्रेटरी यांच्या समोर आम्ही डक्ट उघडला. आमच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीतून प्रत्येक बाथरूमला आणि स्वयंपाकघराला वेगळी लाइन उतरते, म्हणून फ्लॅटला एक नाही, चार मीटर. आमच्या आणि शेजारच्या फ्लॅटच्या बाहेरच्या बाथरूमच्या लाइनी एकाच डक्टमध्ये आहेत, मधे वीतभर अंतर. ज्या मीटरचा नंबर आमच्या बिलावर छापलेला आहे, त्याच्या खालचा कॉक प्लंबरने बंद केला. आमचा नळ वाहतच राहिला. शेजारच्या काकांचा बंद पडला. मग आमच्या बाथरूममध्ये २० लिटरच्या पाच बादल्या भरल्या. तासाभराने १०० लिटर उमटले ते काकांच्या ॲपमध्ये. मीटर दोन्ही चोख आहेत. बसवताना तुमच्या माणसाने चिठ्ठ्या उलट्या बांधल्या, किंवा कार्यालयात कोणीतरी नंबर उलटे भरले. यातलं काय झालं ते तुम्ही शोधा.

तुमचा गळक्या फ्लशचा सल्लाही खरा निघाला, फक्त घर चुकलं. गळत होता तो काकांचा फ्लश. काका एकटे राहतात. बिल कमी येत होतं, त्यामुळे त्यांना शंका यायचं कारणच नव्हतं. मीटर लावायचे ते अशी गळती त्या त्या घराला कळावी म्हणून ना? चार महिने ती आम्हाला कळत राहिली आणि त्यांच्या घरात महिन्याला सहा हजार लिटरच्या आसपास पाणी नुसतं वाहून गेलं. आमच्या गेटवर टँकर उभे असताना.

काकांनी आपणहून त्यांचं जुलैचं बिल दाखवलं. आमच्या बाहेरच्या बाथरूमचा खरा वापर त्यांच्या नावावर आहे : १,६०० लिटर. म्हणजे जुलैत आमचा खरा वापर १०,७०० लिटर, माणशी रोज साधारण ११५. बिल यायला हवं होतं ५०३ रुपये. आम्ही ७७२ रुपये जास्त भरले. काकांना आलं २३५ रुपयांचं, यायला हवं होतं ५२७ चं. त्यांनी २९२ कमी भरले. वजाबाकी करून पाहा, उरतात ४८० रुपये. दोन्ही घरं आपापल्या जागी १२,००० च्या आत होती, पण आकडे एका घरावर रचले गेल्यामुळे सहा हजार लिटरला टँकरचा दर लागला. जे पाणी त्या दराचं नव्हतंच, त्याचे पैसे वसूल झाले. मी सदतीस वर्षं बँकेत काढली आहेत. खाती अदलाबदल झाली तरी दोन्हींची बेरीज वाढत नाही. इथे वाढली.

चार महिन्यांचे जादा पैसे असे : मे ६४०, जून ७०५, जुलै ७७२, ऑगस्ट ६१०. एकूण २,७२७ रुपये. यातले ऑगस्टचे ६१० मी भरलेले नाहीत, ते त्या बिलातून कमी करावेत. भरलेले २,११७ रुपये पुढच्या बिलात ‘समायोजित’ न करता माझ्या खात्यात परत जमा करावेत. दोन्ही मीटरची नोंद जागेवर येऊन, सेक्रेटरींच्या समोर, कॉक बंद-चालू करून दुरुस्त करावी. कार्यालयात बसून नंबर बदलून चालणार नाही. एकदा तसंच काही करून ही वेळ आलेली आहे. आमच्या विंगमध्ये एका डक्टमध्ये दोन-दोन लाइनी असलेले आणखी मजले आहेत, तेही तपासावेत. आणि काकांकडून मागचा फरक वसूल करू नये. चूक तुमची आहे. त्यांना वेळेवर खरा आकडा दिसला असता तर त्यांनी फ्लश तेव्हाच नीट केला असता. परवा केलाच, आमच्याच प्लंबरकडून. वायसर बदलला, मजुरीसकट १८० रुपये लागले.

बिल तीस दिवसांत न भरल्यास व्हॉल्व्ह दुरून बंद करू, असं तुमच्या करारात आहे. ऑगस्टच्या बिलातली वादातली रक्कम मी भरणार नाही, उरलेली भरली आहे. या काळात आमचा व्हॉल्व्ह बंद झाला, तर नोंदी पाहता तो बहुधा काकांचा बंद होईल, हेही लक्षात घ्या.

आणखी एक, आणि हे पैशांपेक्षा मला जास्त बोचलं. रात्री अडीचला कोण उठतं, सुट्टीच्या दिवशी अंघोळ किती वाजता होते, पाहुणे कधी आले, हे सगळं त्या आलेखात दिसतं. चार महिने मी शेजारच्या माणसाच्या रात्री बघत होते. काकांना मी उत्साहाने आलेख दाखवला तेव्हा ते क्षणभर गप्प झाले आणि मग म्हणाले, “मधुमेह आहे हो, उठावं लागतं.” मला कानकोंडं झालं. ही माहिती कोणाला दिसते, किती दिवस साठवली जाते आणि ग्राहकाने सांगितल्यावर तासाचा आलेख बंद करता येतो का, याचं लेखी उत्तर द्यावं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करून, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सेवेतील त्रुटी म्हणून जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. पाच लाखांच्या आतल्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, आणि निवृत्त माणसाकडे वेळही असतो. उत्तरासोबत दहा उपायांची फाइल पुन्हा पाठवू नये.

आपली ग्राहक
(ग्राहक क्रमांक बिलावर आहे तोच. तो एवढा तरी बरोबर असावा.)

सोबत : चार महिन्यांची बिलं, बंद कॉकचे फोटो, ४ सप्टेंबरच्या तपासणीचं सेक्रेटरी व प्लंबर यांच्या सह्यांचं टिपण, काकांच्या संमतीने त्यांच्या जुलैच्या बिलाची प्रत. रात्रीचे आलेख जोडलेले नाहीत, ते काकांचे आहेत.

प्रत माहितीसाठी : सेक्रेटरी, गृहनिर्माण सोसायटी