सरासरी कोणाची, हे विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

गाठीच्या आणि सामान्य ऊतींच्या नमुन्यांवरून जनुकांचे झेड-स्कोअर (म्हणजे जनुकाच्या सक्रियतेचं मूल्य सरासरीपासून किती दूर आहे ते) कसे काढायचे, एवढंच मी विचारलं होतं. सूत्र सोपं आहे: मूल्यातून सरासरी वजा करायची, प्रमाण विचलनाने भागायचं. तुम्ही मात्र आधी मलाच विचारलंत, "सरासरी कोणाची?" त्या प्रश्नासाठी हे जाहीर आभार.

टीसीजीए या कर्करोगाच्या जनुकीय माहितीच्या संग्रहातल्या स्तनकर्करोगाच्या डेटात गाठींचे नमुने हजारावर, सामान्य ऊतींचे सुमारे 110. सगळे एकत्र धरले की सरासरी गाठींकडेच झुकते, आणि स्कोअरमधून कळतं ते बहुतांशी इतर गाठींच्या तुलनेतलं स्थान. ईआरबीबी2 हे जनुक कोणत्या गाठींमध्ये इतरांपेक्षा जास्त व्यक्त होतंय, म्हणजे जास्त सक्रिय आहे, हे शोधायला तेही चालतं. पण सामान्य ऊतीच्या मानाने काय बदललं हे हवं असेल, तर सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही फक्त सामान्य नमुन्यांतून घ्यायला हवीत. इतकं स्वच्छ मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

बाकीचंही तुम्ही न मागता दिलंत. टीसीजीएच्या प्रत्येक नमुन्याला बारकोड, म्हणजे ओळख-क्रमांक असतो; त्याच्या चौथ्या भागात 01 ते 09 म्हणजे गाठ, 10 ते 19 म्हणजे सामान्य. आधी प्रत्येक मूल्यात 1 मिळवून लॉग घ्यायचा, म्हणजे मोजक्या अवाढव्य आकड्यांचं वजन आवरतं. सगळ्या सामान्य नमुन्यांत शून्यच असलेली जनुकं बाजूला काढायची, कारण तिथे भागायला विचलनच उरत नाही.

सर्वांत मोलाची वाटली ती तुमची सावधगिरी. 'सामान्य' ऊतीही बहुतेक त्याच रुग्णाची, गाठीच्या शेजारची असते. तिला निरोगी माणसाची ऊती समजू नये. जीटीईएक्स या सामान्य ऊतींच्या वेगळ्या संग्रहातले नमुने थेट मिसळले, तर प्रयोगशाळांमधला फरकच आजारासारखा दिसू लागतो. आणि झेड-स्कोअर 1.96 च्या वर किंवा -1.96 च्या खाली गेला की बदल खरा मानायचा, ही रेघ 20,000 जनुकांवर ओढली, तर निव्वळ योगायोगानेही सुमारे हजार जनुकं तिच्यापलीकडे जातील. हे ऐकून माझा उत्साह मावळला नाही. उलट कुठल्या आकड्यावर किती भिस्त ठेवायची ते कळलं.

सध्या जोडनमुन्यांवर काम करतेय, म्हणजे प्रत्येक जोडीतली गाठ आणि सामान्य ऊती एकाच रुग्णाची. तिथे आधी प्रत्येक रुग्णातला फरक काढायचा, हेही तुमच्याकडूनच शिकले.

मनापासून आभार.

आपली,
एक विद्यार्थिनी