विषय : युकॉन सहलीच्या तारखा न विचारता बदलल्याबद्दल तक्रार आणि पैसे परत मिळण्याबाबत

प्रति,
मुख्य व्यवस्थापक (परदेश सहली)

महोदय,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवा केंद्राशी झालेलं बोलणं संपलं आणि मी हे पत्र लिहायला बसले. यापुढे मला फोनवर बोलायचं नाही. तुमची माणसं दर वेळी नवीन काहीतरी सांगतात, आणि पुढच्या वेळी दुसरंच कुणीतरी म्हणतं की असं कुणी बोललंच नसेल.

फेब्रुवारीत मी तुमच्या सांगलीच्या शाखेतून कॅनडातल्या युकॉनची शरद ऋतूतली सहल घेतली. मी आणि माझे यजमान, दोघांसाठी. निघण्याची तारीख २७ ऑगस्ट. निम्मी रक्कम त्याच दिवशी भरली. टीसीएस, म्हणजे परदेश सहलीच्या पैशांबरोबरच घेतला जाणारा कर, तोही तुम्ही त्याच दिवशी कापून घेतला, त्यात एक दिवसाचाही उशीर झाला नाही. मग मे महिन्यात मोबाइलवर दोन ओळींचा मेसेज आला, की ‘ऑपरेशनल कारणांमुळे’ सहल आता २३ सप्टेंबरला निघेल, बाकी कार्यक्रम आहे तसाच राहील.

बाकी कार्यक्रम आहे तसा कसा राहील? सहल तुम्ही आखली आहे, पत्रक तुम्ही छापलं आहे, त्यात युकॉनमधल्या टूमस्टोन पार्कच्या टुंड्राचा, म्हणजे उंच झाडं नसलेल्या थंड माळरानाचा, लालभडक फोटो तुम्हीच टाकला आहे. तो फोटो कधीचा असतो हे तुम्हाला ठाऊक नाही, यावर माझा विश्वास बसत नाही.

तरीही लिहिते, म्हणजे कुणी नंतर ‘कल्पना नव्हती’ म्हणायला नको. टूमस्टोन पार्क ६४ अंश उत्तरेला आहे. तिथली झाडी म्हणजे गुडघ्या-कमरेएवढा बुटका बर्च, विलो, रानटी ब्लूबेरी, आणि जमिनीला चिकटून पसरणारी बेअरबेरी. दिवस भराभर लहान होऊ लागले आणि रात्री गोठू लागल्या की ही पानं ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात रंगायला लागतात, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऐन भरात असतात, आणि मग एखाद्या वादळी रात्रीत झडून जातात. सप्टेंबरच्या मध्यावर तिथे बर्फ पडणं ही नेहमीची गोष्ट आहे. सप्टेंबरमध्ये तिथला दिवस रोज सहा-सात मिनिटांनी आखूड होतो. म्हणजे चार आठवड्यांत जवळजवळ तीन तासांचा उजेड गेला. खाली डॉसन शहराजवळ नदीकाठचे अॅस्पेन पिवळे दिसतात ते थोडे उशिरापर्यंत टिकतात, हे मला माहीत आहे. पण मी अॅस्पेन बघायला चालले नव्हते. मी टुंड्रा बघायला चालले होते, आणि तुम्ही टुंड्राच विकली होती.

मी महाविद्यालयात तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. टुंड्राच्या वनस्पती मी फळ्यावर काढल्या, स्लाइडवर दाखवल्या, परीक्षेत विचारल्या. प्रत्यक्ष एकही पाहिलेली नाही. निवृत्तीनंतर हा एकच मोठा खर्च करायचा असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. म्हणून तारखेचं मला इतकं लागलं आहे.

तुम्ही दर वर्षी पावसाळ्यात कासच्या पठारावर गाड्या नेता. फुलांच्या सहलीचे पैसे घेऊन एखाद्या गिऱ्हाइकाला दिवाळीत कासला नेलं आणि वाळलेल्या गवतात उभं केलं, तर तो काय म्हणेल? तुम्ही माझ्याबाबतीत नेमकं तेच करताय, फक्त दहा हजार किलोमीटरहून लांब नेऊन.

आता आजच्या फोनबद्दल. हे सविस्तर लिहिते, कारण तुमच्याकडे संभाषण रेकॉर्ड होतं असं सुरुवातीला सांगतात. ते काढून ऐकावं.

पलीकडच्या तरुणाने आधी मला पाऊण तास थांबवून ठेवलं. मग म्हणाला, “मॅडम, ऑटम तर बावीस सप्टेंबरलाच सुरू होतो. तुमची ट्रिप तेवीसला आहे. म्हणजे परफेक्ट आहे.” मी त्याला सांगितलं की पंचांगातला किंवा कॅलेंडरमधला शरद आणि आर्क्टिकजवळच्या डोंगरावरचा शरद एकाच दिवशी येत नाही. त्यावर तो म्हणाला, “उलट फायदा आहे मॅडम, नॉर्दर्न लाइट्स दिसतील.” मी म्हटलं, नॉर्दर्न लाइट्स ऑगस्टअखेरीसही दिसू शकतात, रात्री पुरेशा काळोख्या झालेल्या असतात, आणि मी ते मागितलेले नाहीत. मी झाडं मागितली आहेत.

इथे तो थोडा वेळ गप्प बसला. मग अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, “मॅडम, सर आहेत का घरात? सरांना द्या ना जरा फोन. मी त्यांना नीट समजावून सांगतो.”

मी विचारलं, सरांना का? म्हणाला, “नाही, म्हणजे टेक्निकल आहे ना थोडं.” मी सांगितलं की बुकिंग माझ्या नावावर आहे, पैसे माझ्या खात्यातून गेले आहेत, पॅन माझा आहे, आणि जे काही टेक्निकल आहे ते गेला पाऊण तास मीच तुम्हाला सांगते आहे. तो म्हणाला, “हो मॅडम, पण एकदा सरांशी बोललो असतो तर लगेच क्लोज झालं असतं.” माझे यजमान शेजारीच पेपर वाचत बसले होते. मी स्पीकर चालू केला. ते एवढंच म्हणाले, “सहल तिची आहे, मी तिच्याबरोबर चाललोय. तुम्ही तिच्याशीच बोला.” आणि त्यानंतर तुमच्या माणसाने काय विचारावं? “सर, मग बॅन्फचा ऑप्शन घेता का? तिथे आपलं इंडियन जेवण आहे. आणि कॅनडा तो कॅनडाच ना सर?”

साठी उलटलेल्या बाईला तिच्याच बुकिंगबद्दल, तिच्याच विषयाबद्दल बोलताना “सरांना फोन द्या” म्हणायचं, आणि सरांनी नकार दिल्यावरही “सर, सर” करत त्यांनाच विचारत राहायचं, हे तुमच्या प्रशिक्षणात शिकवलं जातं का? तो मुलगा कामाला नवा असेल. माझी तक्रार त्याच्या एकट्यावर ढकलून मोकळं होऊ नका. त्याच्यासमोर जो कागद ठेवला होता तो कुणीतरी वरच्याने लिहिलेला होता. प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे तयार वाक्य होतं, फक्त तारखेचं उत्तर नव्हतं.

बॅन्फ, म्हणजे कॅनडातल्या रॉकी पर्वतातलं ठिकाण, चांगलं आहे. ज्यांना तिथे जायचं असेल त्यांनी जरूर जावं. पण युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्सपासून ते रस्त्याने दोन हजार किलोमीटरहून जास्त लांब आहे, आणि वेगळं ठिकाण आहे.

या फोनआधी तुम्ही सुधारित कार्यक्रम म्हणून जे कागद पाठवले, त्यांच्याबद्दलही लिहायलाच हवं. तिसऱ्या रात्रीच्या मुक्कामाचं हॉटेलचं व्हाउचर उघडलं तर पत्ता टूमस्टोन, ऍरिझोना. ते अमेरिकेतलं गाव आहे, मेक्सिकोच्या सीमेजवळचं, वाळवंटातलं. युकॉनच्या टूमस्टोन पार्कपासून विमानाच्या सरळ रेषेतही चार हजार किलोमीटरहून जास्त लांब. आमच्याकडे अमेरिकेचा व्हिसा नाही, आणि असता तरी आदल्या रात्री डॉसनमध्ये आणि दुसऱ्या दिवशी ऍरिझोनात कसं पोहोचणार होतो? युकॉनच्या टूमस्टोन पार्कात हॉटेल नाहीच. तिथे सरकारी तंबूतळ आहे, डेम्पस्टर महामार्गावर किलोमीटर ७१च्या सुमारास माहिती केंद्र आहे, आणि राहायचं तर परत डॉसनला यावं लागतं, सुमारे ११० किलोमीटर. हे व्हाउचर कुणीतरी नुसतं नाव टाकून, पहिलं दिसेल ते निवडून काढलेलं आहे. तपासणाऱ्या कुणाच्याच डोळ्यांना ते खुपलं नाही. आणि अशा हातांत आम्ही स्वतःला सोपवून जिथे मोबाइलला रेंज नाही तिथे जायचं?

तिथेच गाडीचा प्रश्न येतो, आणि हा प्रश्न जिवाचा आहे. तुमच्या कार्यक्रमात चौथ्या-पाचव्या दिवशी डेम्पस्टर महामार्गाने आर्क्टिक वृत्तापर्यंत जाऊन यायचं आहे, स्वतः गाडी चालवत. आर्क्टिक वृत्त त्या रस्त्यावर किलोमीटर ४०५ला आहे. सुरुवातीचा थोडा भाग सोडला तर सगळा रस्ता खडीचा आहे. खाली जमीन कायम गोठलेली आहे, ती वितळून रस्ता खचू नये म्हणून खडीचा जाड थर टाकूनच तो बांधला आहे. काही टप्प्यांवरचे दगड सुरीसारखे टायर कापतात. हा रस्ता सुरू होतो त्या फाट्यापासून पहिला पेट्रोलपंप ईगल प्लेन्सला, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरवर. जाणकार माणसं तिथे उंच गाडी, दोन पूर्ण मापाची स्टेपनी आणि जास्तीचं पेट्रोल घेऊन जातात.

तुम्ही आम्हाला काय दिलंत? एक छोटी सेदान. भाड्याच्या करारात, बारीक अक्षरात, बाराव्या कलमात स्पष्ट लिहिलंय की डांबरी रस्ता सोडून गाडी नेल्यास विमा लागू राहणार नाही आणि सगळं नुकसान भाडेकरूचं. म्हणजे तुमचा कार्यक्रम पाळायचा तर तुम्हीच दिलेला करार मोडावा लागतो. हे तुमच्या शाखेतल्या बाईंना मी दाखवलं. त्या म्हणाल्या, “मॅडम, तिथे बघायला कोण येतंय.” कुणी बघायला येत नाही, हीच तर त्या रस्त्याची मुख्य अडचण आहे. टायर फुटून बसलो तर पुढची गाडी कधी येईल सांगता येत नाही. डेम्पस्टरवर न्यायची परवानगी असलेल्या गाड्या भाड्याने देणारे लोक युकॉनमध्ये आहेत. महाग पडतात. पण आमच्याकडून घेतलेल्या पैशांत ते बसत होतं, नसतं तर आधी सांगायचं होतं.

माझे आईवडील १९९१ साली तुमच्याबरोबर काश्मीरऐवजी हिमाचलला गेले होते. काश्मीरचं रद्द झालं तेव्हा तुमच्या मालकांनी स्वतः घरी येऊन सांगितलं होतं, दोन पर्याय समोर ठेवले होते आणि ‘नको असेल तर हे तुमचे पैसे’ म्हणून पाकीट टेबलावर ठेवलं होतं. वडिलांनी त्यानंतर आयुष्यभर दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. मीही त्याच भरवशावर तुमच्या दारात आले. तेव्हा सहल रद्द झाली तरी माणसाला विचारलं जायचं. आता तारीख बदलली तरी विचारत नाहीत. चार आठवडे पुढे ढकलली, एक शब्द न विचारता. हे मी पुन्हा लिहिते आहे, कारण तुमच्याकडून आलेल्या एकाही उत्तरात या एका गोष्टीचा उल्लेखसुद्धा नाही.

आता माझं म्हणणं असं आहे. पहिला मार्ग : मूळ तारीख, २७ ऑगस्ट, तीच ठेवा; डेम्पस्टरवर चालणारी गाडी, तसं लेखी नमूद केलेल्या करारासह द्या; आणि टूमस्टोनच्या रात्रीचा मुक्काम डॉसनला करा. हे जमणार नसेल तर भरलेली संपूर्ण रक्कम परत करा. ‘कॅन्सलेशन चार्जेस’ नावाचा एक रुपयाही कापायचा नाही, कारण रद्द मी केलेली नाही. पुढच्या सहलीसाठी क्रेडिट नोट नको, बॅन्फ नको. व्हिसासाठी आणि बायोमेट्रिक्ससाठी पुण्याला जाण्यायेण्याचा आणि फीचा खर्च झालेला आहे, तोही यात धरावा. टीसीएसचं प्रमाणपत्र अजून मिळालेलं नाही, ते पाठवावं.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर यावं, माझ्या नावाने यावं. ते आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करणार आहे. तुमचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे म्हणून मला मुंबईला खेपा घालाव्या लागतील अशा समजात राहू नका. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार करता येते, आणि पन्नास लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगच पुरतो. ग्राहक पंचायतीतल्या मंडळींशी माझं बोलणं झालेलं आहे. कागद सगळे तयार आहेत. मी निवृत्त आहे, तारखांना हजर राहायला मला भरपूर वेळ आहे.

ऑगस्ट जवळ येतोय. तुम्ही पैसे आज परत केलेत तर आम्हाला स्वतः विमानाची तिकिटं आणि गाडी बघता येईल. जुलै उजाडला तर तेही हातचं जाईल, आणि त्याची जबाबदारी तुमची राहील.

आपली ग्राहक,
सांगली

सोबत : पैसे भरल्याची पावती, मूळ पत्रकाची प्रत, तारीख बदलल्याचा मेसेज, ऍरिझोनाचं व्हाउचर, गाडीच्या कराराचं बारावं कलम (खूण करून).