पोरांच्या पेपरबद्दल, मित्रास

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या कॉलेजातली मुलं स्वतःचं वर्तमानपत्र काढतायत हे ऐकून फार आनंद झाला. ‘त्यात छापायचं काय?’ हा तुझा प्रश्न फोनवर अर्धवट राहिला, म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या इथल्या, म्हणजे अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या, ‘स्टॅनफर्ड डेली’ या विद्यार्थ्यांच्या पेपरचं उदाहरण घे. नोव्हेंबर २०२२ मध्ये थिओ बेकर या पहिल्या वर्षाच्या मुलानं बातमी दिली: विद्यापीठाचे अध्यक्ष मार्क टेसिए-लाव्हीन ज्याचे सहलेखक होते, त्या एका शोधनिबंधातल्या प्रतिमांमध्ये फेरफार झाल्याचा संशय आहे आणि तो छापणारं नियतकालिक चौकशी करतंय. शंका जुन्याच होत्या, जाणकार त्याबद्दल वर्षानुवर्षं बोलत होते. या पोरानं त्या वाचल्या, प्रतिमा तज्ज्ञांना दाखवल्या आणि मग लिहिलं. त्याचे आईवडील दोघंही नावाजलेले पत्रकार, तेव्हा बाळकडू मिळालेलं होतंच. पण बातमी छापायची छाती त्या पेपरची.

विश्वस्तांनी चौकशी समिती नेमली. फेब्रुवारीत बेकरला पत्रकारितेतला जॉर्ज पोल्क पुरस्कार मिळाला, तो मिळवणारा तो सर्वांत लहान. १९ जुलै २०२३ ला अध्यक्षांनी राजीनामा जाहीर केला. समितीनं बारा निबंध तपासले. अध्यक्षांनी स्वतः आकडे-प्रतिमांत फेरफार केला नव्हता, असा निष्कर्ष निघाला. पण त्यांच्या प्रयोगशाळांतल्या इतरांकडून गैरप्रकार झाले होते आणि चुका समोर आल्यावर त्यांनी त्या वेळीच, ठामपणे सुधारल्या नाहीत. २००९ च्या निबंधाबद्दल ‘डेली’नं छापलेला बनवाबनवीचा गंभीर आरोप मात्र समितीला टिकणारा वाटला नाही. मुलांना हे दोन्ही सांग. नुसती ‘पोरांनी अध्यक्षाला घालवलं’ एवढीच गोष्ट सांगितलीस तर ती अर्धी होईल, आणि अर्धी गोष्ट छापायची सवय फार वाईट.

बरं, हाच पेपर एरवी काय छापतो? फुटबॉल. म्हणजे इथला, अंडाकृती चेंडूचा. शेजारच्या बर्कले विद्यापीठाविरुद्धचा सामना १८९२ पासून चालत आलाय, त्याला ‘बिग गेम’ म्हणतात. १९८२ मध्ये चार सेकंद उरले होते, स्टॅनफर्ड २०-१९ नं पुढे. बर्कलेच्या पोरांनी धावता धावता चेंडू पाच वेळा मागच्या साथीदाराकडे फेकत पुढे नेला. जिंकलो समजून स्टॅनफर्डचा बँड मैदानात घुसलेला! त्या वाजंत्र्यांमधून वाट काढत बर्कलेचा केव्हिन मोएन गुण मिळवून देणाऱ्या शेवटच्या पट्ट्यात शिरला आणि एका ट्रॉम्बोनवाल्यावर आदळला. बर्कले २५-२० नं जिंकलं.

या सामन्याच्या आठवड्यात विद्यार्थी ‘गेटीज’ नावाची संगीतिका स्वतः लिहून करतात, तीही १९११ पासून. बर्कलेची टर उडवतात, स्वतःच्या विद्यापीठालाही सोडत नाहीत. माझं मत असं, की सामना आणि नाटक यांतच हात बसतो. नाटकातल्या मुलाचं नाव चुकलं तर तो दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये गाठून जाब विचारतो. नाव, आकडा, कोण काय म्हणालं हे तपासायची सवय तिथेच लागते.

आता तुझा खरा घोर: वरून दडपण आलं तर? एप्रिल १९७१ मध्ये स्टॅनफर्डच्या रुग्णालयातल्या आंदोलनात पोलीस जखमी झाले. ‘डेली’नं फोटो छापले. दुसऱ्या दिवशी पोलीस वॉरंट घेऊन थेट कार्यालयात. फोटोची डार्करूम, कपाटं, टेबलं, अगदी कचऱ्याच्या टोपल्यासुद्धा उपसल्या. हाती लागले ते फक्त छापून आलेलेच फोटो. मुलं कोर्टात गेली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ५-३ नं हरली, पण त्या निकालावर एवढं काहूर माजलं, की १९८० मध्ये अमेरिकी संसदेनं अशा झडत्यांना आळा घालणारा कायदा केला.

दरम्यान १९७३ मध्ये पेपर विद्यापीठापासून वेगळा झाला. संपादक मुलं निवडतात, पेपरचा कारभार वेगळ्या संस्थेकडे. अध्यक्षांबद्दलची बातमी त्यांच्याच सहीसाठी पाठवावी लागली असती, तर ती निघाली असती का, तूच सांग.

तेव्हा प्राचार्यांशी आधी पैशांचं बोलून घे. छपाईचा खर्च माजी विद्यार्थ्यांकडून उभा करू, माझा वाटा धरून चाल. आणि गॅदरिंगच्या नाटकाचं परीक्षण कोण लिहिणार ते आत्ताच ठरव. नाटकात काम करणाऱ्याला मात्र ते देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझाच,
जुना दोस्त