पागडीच्या रकमेतून दुरुस्ती निधी हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर दक्षिण मुंबईतल्या अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर होते. रहिवाशांनी घरे रिकामी करावीत असे आवाहन होते आणि गणपती येईपर्यंत सगळे विसरले जाते. या बातम्यांत इमारतीचे नाव असते, गल्लीचे असते, म्हाडाचे, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचे, म्हणणे असते. घरमालकाचा उल्लेख क्वचितच. वाचणाऱ्याला वाटावे, इमारत आपली आपण मोडकळीस आली आणि आत राहणारे मात्र हट्टी.

कायदा तसे म्हणत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर जागा दुरुस्त आणि राहण्याजोगी ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. तो करत नसेल तर भाडेकरूंनी किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, काम स्वतः करून घ्यावे आणि खर्च भाड्यातून वळता करावा, अशीही सोय त्यात आहे. इथपर्यंत वाचून बरे वाटते. गोम पुढच्या ओळीत आहे. एका वर्षात अशी वसूल करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये.

आता हिशेब करा. गिरगाव-काळबादेवीतल्या पागडीच्या, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे मोजून नाममात्र भाड्याने कायमची घेतलेल्या खोलीचे भाडे महिना २०० रुपये धरू. वर्षाचे २,४०० आणि त्याचा चौथा हिस्सा ६०० रुपये. त्यात सिमेंटच्या दीड गोण्या येतील, गवंडी येणार नाही. चाळीतल्या ३० बिऱ्हाडांनी एकत्र यायचे ठरवले तरी १८,००० रुपये होतात. तेवढ्यात चारी बाजूंनी परांची बांधणेही होत नाही, गंजलेल्या सळया आणि कुजलेल्या तुळयांचे तर सोडाच.

घरमालकांची तक्रार मला माहीत आहे आणि ती खोटी नाही. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने प्रमाण भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवले. असे गोठवलेले भाडे आता वाजवी राहिलेले नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९७ मध्ये सांगितले. त्यानंतर आलेला सध्याचा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि वर्षाला ४ टक्के वाढ मिळू लागली. पण मूळ आकडाच इतका लहान, की त्याच्या ४ टक्क्यांत काय येणार? अशा तीस बिऱ्हाडांच्या मिळून महिन्याला जमणाऱ्या ६,००० रुपयांतून जिन्यातला दिवा, झाडूवाला आणि भाडे गोळा करणाऱ्या मेहताजींचा पगार भागवल्यावर स्लॅब कशातून दुरुस्त करायचा, असे मालक विचारतो.

हे झाले भाडेपावतीवरचे उत्पन्न. भाडेकरू खोलीवरचा आपला हक्क विकतो तेव्हा मालकाच्या संमतीशिवाय नव्या माणसाच्या नावाची पावती फाटत नाही आणि त्या संमतीसाठी रिवाजाने सौद्याच्या रकमेचा एक तृतीयांश मोजावा लागतो. पूर्वी हे चोरून चाले. १९९९ च्या कायद्यातल्या कलम ५६ ने ते उजळ माथ्याने घेता येऊ लागले. समजा ६० लाखांना खोली गेली, तर २० लाख मालकाचे. पन्नास वर्षांचे भाडे एका दुपारी वसूल होऊन वर बरेच काही उरते. आमच्या चाळीतही खोल्या अशाच दुसऱ्यांच्या नावावर झाल्या. संडासाचा फुटका नळ मात्र आम्हीच वर्गणी काढून बदलला.

भाडेकरूही काही सोवळे नाहीत. लाकडी तक्तपोशीवर मोरी वाढवायची, माळ्यावर पाण्याची टाकी चढवायची, मधली भिंत तोडून हॉल मोठा करायचा, आणि खालच्या घरात पाणी ठिबकले की मालकाच्या नावाने बोटे मोडायची, हेही चाळीत चालते.

सरकारने १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ (पुढे ते म्हाडात आले) आणले आणि जुन्या इमारतींवर दुरुस्तीसाठीचा जादा कर, म्हणजे उपकर बसवला. तेव्हा अशा १९,६४२ इमारती होत्या. हेतू चांगलाच होता, पण त्यातून मालकाला एक कायमचे उत्तर मिळाले: उपकर भरतो आहोत, म्हाडाला विचारा. म्हाडाकडे गेले तर दुरुस्तीवर करायच्या खर्चाची मर्यादा आडवी येते. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारात हुसैनी इमारत पडून ३३ माणसे गेली. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत केसरबाई इमारतीच्या दुर्घटनेत १३ गेली, आणि पडलेला भाग उपकरप्राप्त इमारतीचा की मागाहून बेकायदा बांधलेला, यावर वाद रंगला.

इमारत पडली किंवा पाडली तरी भाडेकरूचा हक्क संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल आहे. पण संक्रमण शिबिरात, म्हणजे म्हाडाच्या तात्पुरत्या घरात, गेलेला शेजारी तिथेच म्हातारा झालेला ज्याने पाहिला, तो त्या निकालाच्या भरवशावर घराला कुलूप लावून निघणार नाही. टेकू लावलेल्या खोलीत लोक राहतात ते हौसेने नव्हे.

पुनर्विकासासाठी आता म्हाडा कायद्यात कलम ७९-अ आहे. आधी मालकाला सहा महिने, मग भाडेकरूंच्या संस्थेला सहा महिने, दोघांनी प्रस्ताव दिला नाही तर म्हाडा पुढे येणार. पण हा विचार इमारत धोकादायक ठरल्यावरचा. त्याआधीची तीस-चाळीस वर्षे तिच्याकडे कोण पाहणार? उलट जमीन सोन्याची आणि वरची इमारत मातीमोल असेल, तर दुरुस्ती टाळण्यातच मालकाचा फायदा आहे.

म्हणून कलम ५६ ला एक परंतुक, म्हणजे जादा अट, जोडावे. हस्तांतरणाच्या वेळी मालक घेईल त्या रकमेपैकी निम्मी त्या इमारतीच्या दुरुस्ती खात्यात गेली पाहिजे. खाते मालक आणि भाडेकरूंची संस्था यांच्या संयुक्त सहीचे असावे आणि पैसे जमा झाल्याचा पुरावा असल्याशिवाय नवी भाडेपावती वैध धरू नये. यामुळे रोखीत होणारे व्यवहारही थोडे उजेडात येतील, हा वरचा लाभ. ज्या इमारतीत वर्षानुवर्षे खोली विकलीच जात नाही, तिथे कलम १४ मधली चौथ्या हिश्शाची मर्यादा उठवावी, वर्षाचे सगळे भाडे दुरुस्तीला लावू द्यावे आणि त्याहून जास्त झालेला खर्च पुढच्या हस्तांतरणात मालकाच्या हिश्शातून आधी वळता व्हावा.

आपला,
एक भाडेकरू, गिरगाव, मुंबई
(नाव व पत्ता संपादकांसाठी सोबत दिला आहे.)