बोटीवर आजारी पडलात तर – सर्व खलाशी सभासदांसाठी सूचना

मंडळी, छातीत दुखलं, पाठ धरली, साखर वाढली, तर 'साइन-ऑफला (बोटीवरून उतरायला) आठच दिवस राहिलेत' म्हणून अंगावर काढू नका. भरपाईचा क्लेम बहुतेक इथेच अडकतो: बोटीवर नोंद नाही, मग आजार नोकरीतला कशावरून? कॅप्टनला लेखी कळवा, मेडिकल लॉगमध्ये नोंद झालीय ना ते पाहा, पानाचा फोटो घरी पाठवा.

घरी आल्यावर आधी गावच्या डॉक्टरकडे आणि महिन्याने कंपनीकडे, असं करू नका. काही करारांत घरी परतल्यावर कंपनीकडे तपासणीला जायची मुदत फार कमी असते. फिलिपिनो खलाशांच्या नमुना करारात तर तीन कामाचे दिवस. आपला करार आजच काढून वाचा.

भारताने २०१५ मध्ये मंजूर केलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करारानुसार (MLC), कायमच्या अपंगत्वाच्या भरपाईसाठी मालकाकडे आर्थिक हमी लागते. तिचं प्रमाणपत्र बोटीवर लावलेलं असतं, त्याचाही फोटो घ्या. ठरल्यापेक्षा कमी रक्कम घ्या म्हणून दबाव आणता येत नाही. अपंगत्व किती हे लगेच ठरत नसेल तर अंतरिम रक्कमही मागता येते.

'फुल अँड फायनल'वर (सगळा हिशेब मिटला असं लिहून देणाऱ्या कागदावर) सही करण्याआधी युनियनला कागद दाखवा.