वही नानांनी लिहावी, आईनं सांगावं

शार्लट्सव्हिल, व्हर्जिनिया
18 ऑगस्ट 2024

ती. आई आणि नानांस,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "यंदा गिलकी मागच्या वर्षासारखी धरली नाहीत. बी तर अखाजीलाच टोचलं होतं." मी कॅलेंडर काढून बघितलं. 2023 ची अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, 22 एप्रिलला होती, यंदाची 10 मेला. मधे अधिक श्रावण येऊन गेला ना! सण तोच, पण वेल 18 दिवस मागे पडला आणि कोवळा कोंब जळगावच्या ऐन उन्हात सापडला. मृग मात्र दरवर्षी 7-8 जूनलाच लागतो, म्हणून वांग्याच्या रोपाचा तुझा अंदाज चुकत नाही. तेव्हा बागेची एक वही ठेवायला हवी आणि तीत सणासोबत तारीखही लिहायला हवी.

इथे जवळच मॉन्टिसेलोला थॉमस जेफरसनचं घर आहे. अमेरिकेचा हा तिसरा राष्ट्राध्यक्ष 1766 पासून 1824 पर्यंत बागेची टिपणं ठेवत होता. कोणतं बी कधी पेरलं, भाजी ताटात कधी आली, काय वाया गेलं, सगळं त्यात आहे. पण तिथे खणत, निंदत होते ते गुलाम. त्यांना त्या मातीची जी जाण होती ती त्या टिपणांत त्यांच्या शब्दांत आली नाही, याचं मला फार वाईट वाटतं. ज्याचे हात मातीत, त्याचंच बोलणं वहीत यायला हवं.

म्हणून नाना, वही तुम्ही घाला. आई सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवा, सुधारू नका. वाफ्यांचा साधा नकाशाही काढा. वांगी, मिरची, टमाटे एकाच कुळातले. त्याच वाफ्यात पुन्हा पुन्हा लावले की मर रोग धरतो, आणि दोन वर्षांपूर्वी कुठे काय होतं ते कुणालाच आठवत नाही. वांग्याचे शेंडे पोखरणारी शेंडेअळी पहिल्यांदा दिसली तो दिवसही टिपा.

सगळ्यात जपायचं ते भरताच्या वांग्याचं बी. आजीपासून चालत आलेलं ते बियाणं बाजारात मिळायचं नाही. आई, बियांसाठी कोणतं झाड राखतेस, फळ किती पिवळं होऊ देतेस, राखेत कसं वाळवतेस, हे सगळं नानांना सांग. राखलेल्या झाडाला आत्ताच चिंधी बांध, म्हणजे भरताच्या घाईत कुणी ते फळ तोडणार नाही.

पहिलं पान झालं की फोटो पाठवा.

तुमची,
ताई